रस्त्याकडेची जुनी बस शेड ‘हेरिटेज’ ठरू शकते का?

प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नवीन वाचणाऱ्यालाही कळेल. बेळगावात खानापूर रोडच्या बाजूला, जे पूर्वी गाव होतं आणि आता उपनगर झालंय अशा ठिकाणी एक जुनी बस शेड आहे. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती, वर कौलं, आत दगडी कट्टा, आणि भिंतीत बसवलेली एक पाटी जिच्यावर ऑइल पेंटचे इतके हात बसलेत की अक्षरं लागत नाहीत. रस्ता रुंद होणार म्हणून भिंतीवर लाल खुणा पडल्यात. घरातले म्हातारे म्हणतात ब्रिटिशांच्या वेळची आहे. तर ती हेरिटेज होईल का, की आम्ही उगीच भावनेच्या भरात वेळ घालवतोय, आणि आमदारांचं पत्र आणलं तर काम होईल का, असं विचारलंय.

मी बेळगाव-खानापूर-निपाणी या पट्ट्यात जुन्या बांधकामांच्या दुरुस्तीची कामं करतो, वाडे, देवळं, जुन्या शाळा, असं. त्या अनुभवावरून सांगतो. पहिली गोष्ट, ‘किती वर्षं जुनी’ हा प्रश्न सगळे आधी विचारतात आणि तिथंच अडकून बसतात. तुमच्या बाबतीत खरे प्रश्न दोन आहेत. ही शेड गेली तर नेमकं काय जाणार, आणि ती शेड आहे कुणाची? या दोन्हीची उत्तरं हातात नसतील तर शंभर वर्षांचा पुरावा आणला तरी इंजिनिअर फाईल बाजूला ठेवणार, आणि उत्तरं असतील तर सत्तर वर्षांची शेडसुद्धा वाचू शकते.

कायद्याचं आधी उरकून टाकू. केंद्राचा १९५८ चा कायदा आणि कर्नाटकचा १९६१ चा प्राचीन स्मारकांचा कायदा, दोन्हीकडे किमान शंभर वर्षांची अट आहे, आणि ते कायदे किल्ल्यातल्या कमलबस्तीसारख्या वास्तूंसाठी आहेत, बस शेडसाठी तिकडं जाण्यात अर्थ नाही. टाऊन प्लॅनिंगच्या कायद्यात हेरिटेज बिल्डिंगची वेगळी व्याख्या आहे, तिथं वयाची अट नाही, स्थापत्य, सौंदर्य, इतिहास, संस्कृती यातलं काहीतरी मोल असावं लागतं, पण प्लॅनिंग ऑथॉरिटीनं, म्हणजे आपल्याकडं बुडानं (बेळगाव नगरविकास प्राधिकरणानं), तसं जाहीर करावं लागतं. तेव्हा कागदावर दार उघडं आहे, पण आत जायला तयारी लागते.

‘एवढीशी शेड कसली हेरिटेज’ असं कुणी म्हणालं तर सांगायला उदाहरणं आहेत. मुंबईत १९९५ साली हेरिटेजचे नियम आले, आणि तिथं रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडांनासुद्धा ग्रेड वन, म्हणजे सगळ्यात वरचा दर्जा, दिलाय, दगड म्हणजे अक्षरशः एक दगड. जुन्या प्याऊंचीही (दगडी पाणपोयांची) तिथं दुरुस्ती झाली. लंडनमध्ये घोडागाडीवाल्यांना बसायला म्हणून रस्त्यावर हिरव्या लाकडी शेड बांधल्या होत्या, १८७५ मध्ये त्यासाठी फंड काढला आणि १९१४ पर्यंत ६१ बांधल्या, आज १३ उरल्यात आणि त्या ग्रेड टू यादीत आहेत. सार्वजनिक रस्त्यावर असल्यामुळं घोडागाडीपेक्षा मोठी शेड बांधायची नाही अशी अट होती, म्हणून सगळ्या चिंचोळ्या. मला यातली महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे त्यातल्या बऱ्याच शेडमध्ये अजून चहा-नाश्ता मिळतो. चालू आहेत म्हणून राहिल्यात. तुमच्या शेडलाही हेच लागू आहे, त्याच्यावर पुढं येतो.

आता वय. ‘ब्रिटिशांच्या वेळची’ हे आपल्याकडं कुठल्याही चिऱ्याच्या बांधकामाला म्हणतात, त्यावर विश्वास ठेवू नका आणि लगेच खोटंही ठरवू नका. आपल्या भागात १९४८ च्या आधी खाजगी सर्व्हिस मोटारी चालायच्या, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पेट्रोल मिळेना म्हणून कोळशाच्या गॅसवरसुद्धा गाड्या चालवल्या लोकांनी. १ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी सुटली आणि मग हळूहळू मार्ग सरकारकडं गेले. बेळगाव तेव्हा मुंबई राज्यात, त्यामुळं १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत इथला कारभार मुंबईकडून, नंतर म्हैसूर राज्य, १९७३ पासून कर्नाटक, आणि हुबळीचं वायव्य कर्नाटक परिवहन १९९७ चं. म्हणजे एका साध्या बस थांब्यावरून इतकी सरकारं गेलीत. शेड यातल्या कुठल्या काळातली हे कळलं की ती कुणी बांधली असेल याचाही अंदाज येतो: सर्व्हिस मोटारीच्या काळातली असेल तर बहुतेक एखाद्या दात्यानं नाहीतर लोकल बोर्डानं, नंतरची असेल तर खात्यानं किंवा पंचायतीनं.

हे शोधायचं कसं? मी आधी वर बघतो. एक-दोन कौलं काढून उलटी करा, मागच्या बाजूला कारखान्याचा छाप असतो. मंगळूरला बासेल मिशननं १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला, त्यानंतर अनेक कारखाने निघाले, खानापुरातही कौलं आणि विटा पुष्कळ झाल्या. पण कौलं बदलली जातात, त्यामुळं एकाच पाखावर (छपराच्या उतारावर) तीन कारखान्यांची कौलं निघाली तर चकित होऊ नका, जी सगळ्यात जास्त आणि आढ्याजवळ आहेत ती बहुतेक मूळची. मग तुळई बघा. आपल्याकडची रेल्वे लाईन आधी मीटर गेज होती, तिचे भंगारात निघालेले हलके रूळ जुन्या बांधकामात तुळई म्हणून किंवा दारावर आडवे टाकलेले मी बऱ्याच ठिकाणी बघितलेत. तसा रूळ निघाला तर त्याच्या मधल्या उभ्या पट्टीवर गंज खरडा, कारखान्याचं नाव आणि साल उठावाच्या अक्षरात असतं. आता इथं घाई करू नका: ते साल रुळाचं आहे, शेडचं नाही. रूळ आधी लाईनवर चालला, मग भंगारात आला, मग इथं. त्यावरून एवढंच कळतं की शेड त्या सालाच्या आधीची नाही. जुन्या बांधकामात असे पुरावे एकावर एक ठेवूनच काळ अरुंद करत आणायचा असतो. मापंही घ्या. कट्ट्याची उंची, खांबातलं अंतर, भिंतीची जाडी फूट-इंचात गोल आकड्यात बसते का मीटरमध्ये? मेट्रिक आपल्याकडं १९५८ नंतर हळूहळू आलं. आणि शेडच्या आसपास जनावरांना पाणी पाजायची दगडी डोण आहे का बघा, असली तर ती जागा मोटारीच्या आधीपासून बैलगाडी-टांग्यांचा थांबा असण्याची बरीच शक्यता.

पाटी सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात धोक्यात असलेली. उत्साहाच्या भरात कुणीतरी तारेचा ब्रश, ॲसिड नाहीतर ग्राइंडर घेऊन येतो आणि अर्ध्या तासात पुरावा संपवतो. हात लावू नका. रात्री जा, टॉर्च पाटीला चिकटवून अगदी बाजूनं उजेड मारा, समोरून नाही. कोरलेली अक्षरं असतील तर पेंटच्या थराखालूनही सावली पडते आणि फोटोत वाचता येतं. टॉर्च चारी बाजूंनी फिरवून वेगवेगळे फोटो काढा, कारण एका बाजूच्या उजेडात उभ्या रेघा दिसतात, दुसऱ्या बाजूच्या उजेडात आडव्या. पेंट काढायचाच असेल तर ते काम जाणकार माणसाकडून, लेप लावून, कोपऱ्यावर आधी ट्रायल घेऊन.

आता मालकी, आणि आपल्या भागात ही खरी भानगड आहे. शेड पीडब्ल्यूडीच्या रस्त्याच्या हद्दीत आहे, महापालिकेच्या, कँटोन्मेंटच्या, जुन्या पंचायतीच्या, परिवहन खात्याच्या, की दात्याच्या जागेत? गाव नंतर शहरात आलंय म्हणजे कागद पंचायतीतून पालिकेत जाताना अर्धे गळाले असणार. शिवाय बेळगाव पूर्वी सलग एका सत्तेखाली नव्हतं, शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होतं, त्यामुळं दोन गल्ल्या पलीकडं गेलं की जुने कागद वेगळ्याच दप्तरात निघतात. सिटी सर्व्हेचा उतारा आणि नकाशा काढा, त्यावर शेडची चौकट दाखवलीय का बघा, आणि माहिती हक्कात एकच सरळ प्रश्न विचारा, की या शेडची दुरुस्ती कुठल्या खात्यानं खर्चाच्या कुठल्या हेडमधून केली. मालक कोण असं विचारलं तर ‘माहिती उपलब्ध नाही’ येतं, पण बिल कुणी भरलं हे कुठंतरी लिहिलेलं असतं. दात्याची शेड असेल तर त्या घरात उद्घाटनाचा फोटो, निमंत्रणपत्रिका काहीतरी असतंच, आणि इथल्या मराठी वर्तमानपत्रांच्या जुन्या फायली चाळा, ‘तरुण भारत’ १९१९ पासून निघतोय, असल्या लहान समारंभाच्या बातम्या त्या काळी आवर्जून यायच्या.

आता पहिला प्रश्न, काय जाणार. ऑस्ट्रेलियात बर्रा नावाच्या जुन्या खाणीच्या गावात १९७९ मध्ये एक नियमावली झाली, आमच्या क्षेत्रात जगभर तिचा आधार घेतात. तिच्यात वास्तूचं मोल फक्त दिसण्यावर ठरवत नाहीत, इतिहास, त्यातून मिळणारं ज्ञान, आणि लोकांचा त्या जागेशी असलेला संबंध हेही धरतात. तुमच्या शेडला सौंदर्याचे मार्क फार पडणार नाहीत, खरं सांगायचं तर ती साधी शेडच आहे. पण बाकी तीन ठिकाणी बघा.

ती कशी उभी आहे बघा. तुमच्या वर्णनावरून पाठीची भिंत पश्चिमेकडं आणि तोंड पूर्वेला, रस्त्याकडं. आपल्याकडं जून ते ऑगस्ट पाऊस पश्चिमेकडून आडवा येतो, झड लागली की छत्रीचा उपयोग नसतो. बांधणाऱ्यानं शेड रस्त्याच्या पश्चिम बाजूला घेतली, मागची भिंत भरीव ठेवली, पाखं खाली उतरवलं, आणि कट्टा पागोळ्यांपासून आत घेतला. आता जवळच्या एखाद्या स्टीलच्या नवीन शेडमध्ये जुलैत दहा मिनिटं बसून बघा, मागं जाळी नाहीतर जाहिरातीचा बोर्ड, वर पत्रा इतका उंच की पाऊस मांडीवर, आणि सीट इतकी उतरती की म्हातारं माणूस घसरतंय. नवीन ते सगळं वाईट असं माझं म्हणणं नाही, पण त्या जुन्या शेडमध्ये इथल्या पावसाचं जे ज्ञान आहे ते नवीन ड्रॉइंगमध्ये नाही, आणि हे तुम्ही मापं आणि फोटो घालून दाखवू शकता. इंजिनिअरला ‘आमच्या भावना’ सांगण्यापेक्षा हे पटतं.

आणि लोक. त्या कट्ट्यावर कोण बसायचं? शहराला दूध घालणारे, भाजीच्या बुट्ट्या घेऊन येणाऱ्या बायका, रताळ्याची पोती, मागावर कामाला वडगाव-खासबागला जाणारे, पास काढून कॉलेजला जाणारी पोरं. हे सगळं लिहून काढा, ऐंशीच्या पुढच्या माणसांकडून आत्ताच, मोबाईलवर रेकॉर्ड करून. ‘इथं लई वर्षांपासून बसतोय’ एवढं पुरत नाही, कुठली गाडी, किती वाजताची, तिकीट आण्यात होतं की पैशात (नवे पैसे १ एप्रिल १९५७ पासून), कंडक्टर कुठं उभा राहायचा, असं विचारा. आण्यातलं तिकीट आठवणारा माणूस भेटला तर वयाचाही पुरावा मिळाला.

इथं एक नाजूक गोष्ट बोलतो. पाटी मराठी निघाली, आणि बहुतेक निघेलच, तर काही लोक ती शेड मराठीची म्हणून वाचवायला येतील आणि काही त्याच कारणासाठी पाडायला. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादातला महाजन अहवाल १९६७ चा, सुप्रीम कोर्टातला दावा २००४ चा, तो वाद आपल्या शेडवर सुटणार नाहीये, पण शेड मात्र त्यात सापडली की संपली, कारण कुठलाच अधिकारी त्या फाईलवर सही करणार नाही. माझा सल्ला सरळ आहे, पाटीला जुना दस्तऐवज म्हणा, आहे तशी जागेवर राहू दे, आणि आजच्या नियमाप्रमाणं कन्नड बोर्ड शेजारी वेगळ्या खांबावर लागू दे, भिंतीला भोकं न पाडता. अर्जावर गल्लीतल्या कन्नड शेजाऱ्यांच्या सह्याही घ्या, नुसत्या शोभेला नाही, तीही माणसं तिथंच बसून गाडीची वाट बघत होती की ओ.

रस्त्याचं काय? हे बरंचसं परिस्थितीवर आहे. रुंदीकरण डिझाईनच्या टप्प्यात असेल तर दोन-तीन फूट समोरच्या बाजूला सरकवून घेणं किंवा फूटपाथ शेडच्या मागून काढणं होऊ शकतं, आणि तेच सगळ्यात उत्तम. काम निघालं असेल, गटार खोदलं असेल, तर ते अवघड. मग शेड सोडवून मागं घेता येते का बघायचं. बर्राची नियमावली जागा बदलायला साधारणपणे नाहीच म्हणते, वाचवायचा दुसरा मार्गच उरला नसेल तेव्हाच. पण दहा फूट मागं, त्याच रस्त्यावर, त्याच तोंडानं, हे मला वैयक्तिक चालतं. अट एकच, चिरा चुन्यात बांधलेला असायला हवा. चुना सुटतो, दगड अख्खा निघतो, प्रत्येक थराला आणि दगडाला नंबर घालून परत रचता येतं. कुणी मध्ये सिमेंटनं दरजा (दगडांमधले सांधे) भरल्या असतील तर चिरा सिमेंटपेक्षा मऊ असल्यामुळं दगडच फुटतो. म्हणून निर्णय घ्यायच्या आधी छिन्नीनं एका कोपऱ्यातली दरज तपासा.

तुम्ही लिहिलंय की खालच्या भिंतीचा पापुद्रा सुटतोय आणि पांढरं येतंय. तो लोणा आहे, म्हणजे ओलीबरोबर वर येणारा क्षार, आणि त्याचं कारण बहुतेक रस्ता आहे. दरवेळी डांबराचा थर चढत गेला, रस्ता वर आला आणि शेडची जोती खाली राहिली, पाणी आत. कट्टा जमिनीपासून मोजा, बसायचा कट्टा साधारण दीड फूट असतो, तुमचा फूटभरच भरला तर आत कुणीतरी भर टाकून लादी केलीय. त्यात बाहेरून ऑइल पेंट, म्हणजे भिंतीला रेनकोट घालून पाण्यात उभं केल्यासारखं, ओल बाहेर पडायला वाटच नाही. पेंट काढून चुन्याच्या दरजा, बाजूनं पाणी काढून देणारी चर, आणि वर फुटलेली कौलं बदलणं, एवढ्यावर ती बरीच वर्षं उभी राहील. ‘सुशोभीकरण’ म्हणून ग्रॅनाईट, पीओपी, कार्टूनची चित्रं घालायचा प्रस्ताव आला तर नको म्हणा, पाडण्याइतकंच नुकसान त्यात आहे, फक्त फीत कापताना छान दिसतं.

आणि गाडी तिथंच थांबली पाहिजे. बस पन्नास मीटर पुढं थांबायला लागली की लोक उन्हात उभे राहतात आणि शेडमध्ये पार्किंग, पोस्टर आणि रात्रीचे बाटलीवाले. मग पाडायला कारण आपोआप तयार होतं. म्हणून हेरिटेजच्या अर्जाइतकाच महत्त्वाचा अर्ज डेपो मॅनेजरला आहे, थांबा शेडसमोरच ठेवा, बस आत घ्यायला जागा ठेवा, आणि पाखं गाडीच्या टपाला लागू नये एवढं अंतर राखून पट्टा मारा.

आमदारांचं पत्र? घ्या, पण शेवटी घ्या. नुसतं ‘ही वास्तू जतन करावी’ असं पत्र इंजिनिअरकडं गेलं की त्याला उत्तर तयार असतं: रस्ता की शेड? त्याऐवजी चार पानं तयार करा. मापांचं ड्रॉइंग (सिव्हिलची पोरं हौसेनं काढून देतात), पाटीचे, कौलांचे, रुळाचे फोटो, म्हाताऱ्यांनी सांगितलेलं, आणि रस्त्याची आखणी नेमकी किती सरकवली तर शेड वाचते तो आकडा. हा आकडा अर्जात असेल तरच पत्राला वजन येतं, कारण मग अधिकाऱ्याला हो किंवा नाही म्हणावं लागतं. एक प्रत कार्यकारी अभियंत्याला, एक बुडाला, एक डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसला, तिन्हीवर पोच घ्या. इंटॅक ही वारसा जतनाचं काम करणारी संस्था १९८४ पासून असल्या याद्या करते, त्यांनाही तीच चार पानं पाठवा, त्यांच्या नोंदीनं कायद्याचं संरक्षण मिळत नाही पण बाहेरचं कुणीतरी दखल घेतंय हे दिसतं.

लाल खुणा पडल्यात म्हणजे वेळ कमी आहे, त्यामुळं या आठवड्यात फक्त फोटो आणि मापं उरका, बाकी मागनं होतं. पाटीचे बाजूच्या उजेडातले फोटो इथं टाका, अक्षरं लावायला मदत करतो, आणि त्यात शके लिहिलेलं दिसलं तर ७८ मिळवून साल काढून बघा.